छपराखालचा पडदा आणि माळ्यावरची हवा

पावसाळा तोंडावर आला म्हणजे कोंकणांतील घराघरांवर माणसें चढलेलीं दिसावयाचीं. फुटकीं कौलें काढून नवीं घालणें, सरकलेलीं नीट बसविणें, आढ्यावरचे कोने पुन्हां सांधणें, पन्हळींतील पाचोळा काढणें, हा घर शाकारण्याचा उद्योग मृगापूर्वीं उरकावा लागे. हल्लीं हें काम जाणणारे कारागीर मिळणें कठीण झालें आहे, आणि घरचीं तरुण माणसें बहुधा मुंबई-पुण्यास असतात. तेव्हां दरवर्षींच्या या दगदगींतून कायमची सुटका व्हावी म्हणून पुष्कळ कुटुंबें एकदांच मोठा खर्च करून कौलांखालीं जलरोधक पडदा घालून घेतात. कारागीर त्यास मेम्ब्रेन म्हणतात. पडदा घातल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यांत एक थेंबही गळत नाहीं, आणि आतां छपराची काळजी मिटली अशा समाधानानें घरधनी शहरास परततो.

परंतु कांहीं वर्षांनीं एखादे दिवशीं कोणी शिडी लावून माळ्यावर जातो, तों कुबट वास नाकांत शिरतो. वाशांवर पांढुरकी बुरशी दिसते, आणि एखादी रीप दाबून पाहावी तर बोट आंत जातें. कौलें शाबूत आहेत, पडदा शाबूत आहे, पाणी तर कोठूनही आलेलें नाहीं. मग लांकूड कुजलें कशानें? याचें उत्तर असें कीं, पडद्यानें पाणी अडविलें त्याबरोबरच हवाही अडविली. छपरास पाण्यापासून जितकें रक्षण पाहिजे, तितकीच हवेला वाटही पाहिजे. आणि एकाची सोय करतांना दुसरीचा विसर पडला तर जें घर वांचवावयाचें तेंच आंतून पोखरलें जातें.

जुन्या छपरास ही वाट आपोआप मिळत असे. मंगलोरी कौल हें नांवाप्रमाणेंच मंगलोरचें. बासेल मिशनचे जॉर्ज प्लेब्स्ट यांनीं १८६५ सालीं तेथें कौलांचा कारखाना काढला, आणि खांचांनीं एकमेकांत अडकणारीं हीं लाल कौलें पुढें पश्चिम किनाऱ्यावर दूरवर पसरलीं. हीं कौलें काय किंवा त्यापूर्वींचीं नळीचीं कौलें काय, त्यांच्या सांध्यांतून पाणी सहसा येत नाहीं, पण वारा येतो. एकेक फट नगण्य असली तरी सबंध पाख्यावरील शेंकडों फटींची बेरीज एखाद्या खिडकीएवढी भरते. शिवाय त्या काळीं घरांत चूल दिवसांतून दोनदां पेटे. तिच्या धुराबरोबर ऊन हवा माळ्यावर चढे, वाशांना शेक देई आणि कौलांमधून बाहेर पडे. अशी योजना कोणी मुद्दाम आंखलेली नव्हती. म्हणूनच ती मोडली गेली तेव्हां कोणाच्या ध्यानांतही आलें नाहीं.

पडद्यांचे प्रकार अनेक आहेत. डांबर चढविलेलें जाड कापड, पॉलिथीनचा ताव, रबराचा ताव, चकाकणाऱ्या ॲल्युमिनियमचा थर दिलेला ताव, हे सर्व पाण्याप्रमाणेंच वाफही अडवितात. याखेरीज तंतूंचा बनविलेला, कापडासारखा दिसणारा एक पडदा मिळतो. त्याचीं छिद्रें इतकीं सूक्ष्म असतात कीं, पाण्याचा थेंब त्यांतून जात नाहीं, परंतु वाफ जाते. दोहोंवरही ‘वॉटरप्रूफ’ हा एकच शब्द छापलेला असतो, आणि गिऱ्हाईक तेवढाच वाचतो. वस्तुतः त्यानें पहिला प्रश्न हा विचारावा कीं, यांतून वाफ बाहेर जाते कीं नाहीं? जात नसेल तर तिच्यासाठीं स्वतंत्र वाट ठेविलीच पाहिजे. जात असली, तरी पडदा आणि कौलें यांमध्यें मोकळी जागा असल्यावांचून ती पुढें कोठें जाणार?

माळ्यावर ही वाफ येते कोठून, असें कोणी विचारील. ती बहुतांशीं खालच्या घरांतूनच येते. स्वयंपाक, ऊन पाण्याचें स्नान, पावसाळ्यांत घरांत वाळत घातलेले कपडे, माणसांचा श्वासोच्छ्वास, या सर्वांतून वाफ निघते आणि ऊन हवेबरोबर वर चढते. गॅसची शेगडी कोरडी भासते; पण एक किलो गॅस जळला म्हणजे दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपानें हवेंत मिसळतें. याचा अर्थ असा कीं, १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर संपेपर्यंत वीस लिटरांहून अधिक पाणी स्वयंपाकघराच्या हवेंत जाऊन पोंचलेलें असतें. त्यांत जांभ्या दगडाच्या भिंतींची भर पडते. जांभा सच्छिद्र असतो. चार महिने पाऊस झेलून तो ओल धरून ठेवतो, आणि पाऊस संपल्यावर ती सावकाश सोडीत राहतो.

हवा जितकी उष्ण तितकी अधिक वाफ तींत मावते. ३० अंश सेल्सिअस उष्णतेच्या एक घनमीटर हवेंत फार तर सुमारें ३० ग्रॅम वाफ राहूं शकते. हीच हवा २० अंशांपर्यंत निवाली कीं तींत सुमारें १७ ग्रॅम वाफच मावते, आणि उरलेल्या वाफेचें पाणी होतें. मार्गशीर्ष-पौषांतील निरभ्र रात्रीं छप्पर आपली उष्णता उघड्या आकाशाकडे सोडतें आणि भोंवतालच्या हवेपेक्षांही थंड होतें. अंगणांतील गवतावर दंव पडतें तें याच कारणानें. कौलांच्या वरच्या अंगास दंव पडलें तर कांहींच बिघडत नाहीं. परंतु पडद्याच्या खालच्या अंगास तेंच पडूं लागलें तर तें वाशांवर आणि रिपांवर उतरतें. कौलांच्या जागीं पत्रा असेल तर हा प्रकार अधिकच होतो, कारण पातळ पत्रा फार लवकर निवतो.

लांकडांतील पाण्याचा अंश त्याच्या कोरड्या वजनाच्या शेंकडा २० हून कमी असेल तोंवर त्यास कुजविणारी बुरशी धरत नाहीं. तोच अंश शेंकडा ३० च्या आसपास जाऊन तसाच टिकून राहिला कीं बुरशीला रान मोकळें होतें. सागाच्या पक्क्या गाभ्यास ती सहसा दाद लागूं देत नाहीं असें म्हणतात तें खरें. पण त्याच सागाचा बाहेरचा फिकट भाग आणि दुरुस्तीच्या वेळीं घातलेल्या हलक्या लांकडाच्या रिपा यांना तें अभय नाहीं.

येथें एक गोष्ट नीट ओळखतां आली पाहिजे. माळ्यावर ओल दिसली कीं घरधनी ती गळतीच समजतो आणि आणखी एक पडदा किंवा डांबराचा आणखी एक थर देण्यास सांगतो. ओल आंतल्या वाफेची असेल तर हा उपाय रोगाहून वाईट ठरतो. दोहोंमधील भेद असा: गळतीचें पाणी पावसाबरोबर येतें, एका ठराविक जागीं दिसतें आणि आपल्यामागें डाग ठेवतें. वाफेचें पाणी पाऊस नसतांनाही येतें, पडद्याच्या पुष्कळ भागावर सारखें पसरतें, खिळ्यांच्या टोंकांवर थेंब धरतें, पहाटे सर्वांत अधिक असतें आणि उन्हें चढलीं कीं नाहींसें होतें. हिंवाळ्यांत एखाद्या पहाटे विजेरी घेऊन माळ्यावर एक फेरी मारली तर हा निर्णय पांच मिनिटांत लागतो, आणि त्यावर पुढील हजारों रुपयांचा खर्च योग्य कीं अयोग्य हें ठरतें.

माळ्याला हवा किती द्यावी यासंबंधीं जगांत जो नियम सर्वांत अधिक उद्धृत होतो तो अमेरिकेंतील आहे. तेथील संयुक्त सरकारच्या गृहखात्यानें, म्हणजे फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशननें, १९४२ सालीं घरांच्या किमान बांधकामाचे जे नियम केले त्यांत माळ्याच्या क्षेत्रफळाच्या तीनशेंव्या भागाइतकें मोकळें तोंड हवेसाठीं ठेवावें असें सांगितलें. पुढें हें प्रमाण, आणि कांहीं परिस्थितींत त्याच्या दुप्पट म्हणजे दीडशेंवा भाग, बांधकामाच्या संहितांमध्यें रूढ झालें. विल्यम रोझ आणि अँटन टेनवोल्डे या संशोधकांनीं २००२ सालीं या नियमाचा इतिहास तपासून, त्याचा पाया थोड्याशाच प्रयोगांवर उभा असल्याचें दाखविलें. शिवाय तो थंड प्रदेशाच्या अनुभवांतून निघालेला आहे. ब्रिटनमधील मानकांत फटीची रुंदीच सांगितली आहे: वाफ अडविणारा पडदा असेल तर वळचणीशीं सबंध लांबीभर १० मिलिमीटरांची, आणि उतार १५ अंशांपर्यंतचाच असेल तर २५ मिलिमीटरांची वाट ठेवावी. हे आंकडे वेदवाक्य नव्हेत. पण अंदाजाला कोठून तरी आरंभ करावाच लागतो, आणि तेवढ्यापुरते ते उपयोगी आहेत.

मात्र छिद्रें पाडण्याच्या आधीं दोन कामें करावयास पाहिजेत. पहिलें, वाफ जेथें उत्पन्न होते तेथूनच ती बाहेर काढावी. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्या पंख्याची नळी पुष्कळ ठिकाणीं सोयीसाठीं माळ्यावरच सोडून दिलेली असते. ती भिंतींतून थेट बाहेर काढावी. दुसरें, खोल्यांची तक्तपोशी आणि माळा यांमधील उघडीं भोंकें बुजवावीं. विजेच्या तारा, पाण्याचे नळ, दिव्यांचीं खोबण, माळ्यावर जाण्याची झांकण नसलेली जागा, अशा वाटांनीं खालची दमट हवा वर खेंचली जाते. हीं भोंकें तशींच ठेवून वरचीं तोंडें वाढविलीं तर खालची ओल अधिकच जोरानें वर येते.

त्यानंतर हवेची वाट. ऊन हवा हलकी असल्यामुळें वर चढते, हें तत्त्व सर्वांस ठाऊक आहे. म्हणून थंड हवा आंत येण्याचें तोंड खालीं वळचणीशीं, आणि ऊन हवा बाहेर जाण्याचें तोंड वर आढ्याशीं असावें. या दोहोंमधील उंची चौपट झाली तर हवेचा ओघ दुप्पट होतो. म्हणजे दोन्ही तोंडें एकाच पातळीवर ठेविल्यास वारा पडलेल्या दिवशीं त्यांचा फारसा उपयोग नाहीं. दुरुस्तीच्या वेळीं नेमकी येथेंच चूक होते. भिंतीचा माथा आणि वासे यांमधील पोकळी उंदरांच्या भयानें विटा-सिमेंटानें बुजवितात, आणि पडदा आढ्यावरून अखंड ओढून घेतात. खालचें तोंडही गेलें आणि वरचेंही गेलें.

एक उदाहरण घ्यावें. ३० फूट लांब आणि ३० फूट रुंद घराचा माळा ९०० चौरस फूट. त्याचा तीनशेंवा भाग ३ चौरस फूट, म्हणजे ४३२ चौरस इंच. त्यांतील अर्धा, २१६ चौरस इंच, खालीं आणि तितकाच वर. परंतु तोंडाशीं कीटक येऊं नयेत म्हणून बारीक जाळी लावावी लागते, आणि जाळीच्या तारांनीं जवळजवळ अर्धी जागा व्यापली जाते असें धरून चालणें बरें. तेव्हां प्रत्यक्षांत खालीं ४३२ आणि वर ४३२ चौरस इंच हवेत. दोन बाजूंच्या वळचणींची लांबी मिळून ७२० इंच होते. भागाकार केला तर सबंध लांबीभर अर्ध्या इंचाहून थोडी अधिक फट पुरते. आढें ३६० इंच लांब. त्याच्या दोन्ही अंगांस तेवढ्याच रुंदीची फट पाहिजे. पडदा वाफ मुळींच सोडीत नसेल तर दीडशेंवा भाग धरावा, म्हणजे ती फट सव्वा इंचाची होते. इतक्या अरुंद वाटेनें एवढें मोठें लांकूडकाम सुरक्षित राहतें.

पावसाच्या माऱ्याचें काय, ही शंका कोंकणांतील माणसास येणारच. खालची फट रुंद वळचणीच्या आडोशास असल्यामुळें तिला सहसा भय नसतें. आढ्यापाशीं पडदा दोन्ही अंगांनीं थोडा आखूड ठेवून, कोने किंचित् उचलून, त्यांच्या कडा फटीच्या पुष्कळ खालपर्यंत येतील असे बसवावे. ज्या घरांस दोन पाख्यांमधील त्रिकोणी भिंती आहेत तेथें त्यांत खालीं कललेल्या पट्ट्यांचे झरोके ठेवावे. मात्र पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो हें लक्षांत घेऊन त्या अंगाचा झरोका लहान आणि खोल असावा. पडदा आणि कौलें यांमध्यें मोकळी जागा ठेवण्याची युक्तीही सोपी आहे. पडद्यावर प्रथम वाशांच्या रेषेंत उभ्या रिपा मारावयाच्या आणि त्यांवर कौलांच्या आडव्या रिपा. आडव्या रिपा थेट पडद्यावर मारल्या तर कौलांतून झिरपलेलें पाणी प्रत्येक रिपेपाशीं अडून राहतें; उभ्या रिपांमुळें तें सरळ पन्हळीकडे वाहून जातें, आणि खालून वर हवाही खेळते.

उन्हाळ्यांतील तापाबद्दल दोन शब्द सांगणें अवश्य आहे. हवा खेळती ठेविली म्हणजे माळा कांहींसा निवतो, हें खरें. परंतु तापलेलीं कौलें आणि पत्रे उष्णतेचे किरणही खालीं टाकीत असतात, आणि वाऱ्यानें ते अडत नाहींत. त्यांस अडविण्याचें काम ॲल्युमिनियमचा चकाकता पृष्ठभाग करतो. मात्र त्याच्यासमोर एखादा इंच तरी मोकळी हवा असली पाहिजे. तो कौलांस किंवा पत्र्यास चिकटून बसला, अथवा त्यावर धूळ सांचली, तर त्याचा गुण जातो. शहरांतून गच्चीवर पत्र्याचें छप्पर घालण्याची चाल आहे, तेथेंही हीच गोष्ट लागू पडते. चारी बाजू मोकळ्या ठेविल्या तर तें छत्रीसारखी सावली देतें. बाजू बंद केल्या तर तीच जागा भट्टी बनते. विजेचा पंखा बसवून हें सर्व साधेल असा पुष्कळांचा समज असतो. परंतु खालचीं तोंडें पुरेशीं नसतील तर पंखा बाहेरची हवा न ओढतां खोल्यांतील हवा माळ्यावर खेंचतो, आणि तीबरोबर ओलही.

या सर्व उपायांनीं काय होतें आणि काय होत नाहीं, हेंही स्पष्ट असावें. आषाढ-श्रावणांत बाहेरची हवाच वाफेनें इतकी भरलेली असते कीं, ती माळ्यावर खेळविल्यानें लांकूड वाळेल अशी अपेक्षा करणें व्यर्थ आहे. त्या दिवसांत हवेच्या वाटेचें काम एवढेंच कीं, मधूनच ऊन पडलें आणि छप्पर तापलें म्हणजे लांकडांतून निघणारी वाफ कोंडून राहूं नये. तिचें खरें काम आश्विनापासून सुरू होतें. ऑक्टोबरच्या उन्हांत चार महिन्यांची ओल बाहेर पडते, आणि वाट मोकळी असेल तर हिंवाळ्यांतील दंव पडण्यापूर्वीं लांकूड कोरडें होतें. याच कारणासाठीं पडदा घालण्याचें काम चैत्र-वैशाखांत, लांकूड पूर्ण वाळलेलें असतांना करावें. दिवाळीच्या सुट्टींत माणसें गांवीं जमतात म्हणून तेव्हांच घाईनें ओल्या वाशांवर पडदा ओढणें म्हणजे ओल कुलपांत ठेवण्यासारखें आहे.

ऐकणाऱ्यांपैकीं पुष्कळांचें गांवीं वडिलोपार्जित घर असेल, आणि तें वर्षांतील दहा महिने बंद असेल. अशा घरास या वाटेची गरज सर्वांत अधिक आहे. कारण तेथें चूल पेटत नाहीं, दारें-खिडक्या उघडत नाहींत, आणि बिघाड दाखविणारें कोणी नसतें. निघतांना चोराच्या भयानें खिडक्या लावणें ओघानेंच आलें; पण वळचणीच्या आणि आढ्याच्या फटी कापडानें किंवा कागदानें बुजवूं नयेत. उंदरांसाठीं मजबूत जाळी, कीटकांसाठीं बारीक जाळी, आणि वर्षाकांठीं ब्रशानें त्या जाळ्यांतील धूळ आणि कोळिष्टकें झाडणें, एवढें पुरे आहे. जाळी धुळीनें भरली तर ती भिंतीसारखीच होते.

शाकारणीच्या निमित्तानें घरचें माणूस वर्षांतून एकदां छपरापर्यंत जात असे. कौल बदलतां बदलतां एखादा वासा ठोकून पाही, वाळवीची रेघ पुसून काढी, कोठें लांकूड मऊ लागलें तर सुतारास निरोप धाडी. कौल बदलणें हा त्या कामाचा दिसणारा भाग होता. छपराची विचारपूस हा न दिसणारा. पडद्यानें पहिल्या कामाची आवश्यकता कमी केली आहे, दुसऱ्याची नाहीं. मृगापूर्वीं एकदां आणि दिवाळीनंतर एकदां माळ्यावर जावें, नाकानें वास घ्यावा, हातानें वासे चांचपावे, फटींतून उजेड आणि वारा येतो कीं नाहीं तें पाहावें. ज्या घरांत हें घडेल तेथील पडदा पुढच्या पिढीसही उपयोगी पडेल, आणि ज्या वाशांच्या रक्षणासाठीं तो घातला ते वासेही.